हेडिंगात बसणारा शब्द

आमच्या डेस्कवर एक वही आहे. दोनशे पानी, पाठीला लाल कापड, कोपरे चहानं फुगलेले. एजन्सीच्या कॉपीत एखादा इंग्रजी शब्द अडला आणि रात्रपाळीत चार डोक्यांनी मिळून त्याला मराठी शब्द शोधला, की तो त्या वहीत जायचा. उद्या दुसऱ्या कुणी दुसराच शब्द छापून घोळ घालू नये, एवढाच हेतू. वहीतलं बरंचसं अक्षर आमच्या एका जुन्या मुख्य उपसंपादकांचं आहे. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण 'वित्तीय तूट, राजकोषीय नव्हे!' हे त्यांचं उद्गारचिन्ह अजून दटावतं.

'पॉप्युलिझम'समोर त्यांनी आधी 'लोकप्रियतावाद' लिहिलंय. त्यावर रेघ. खाली 'लोकानुनय', आणि पुढे कंसात: हेडिंगात बसतो.

मीही तो शब्द वर्षानुवर्षं बसवत आले. 28 जून 2024 च्या रात्री राज्याच्या अर्थसंकल्पाचं पान माझ्याकडे होतं. लाडकी बहीण योजना त्या दिवशी जाहीर झाली, महिन्याला 1500 रुपये. मी तीन कॉलमी हेडिंग दिलं, 'लोकानुनयी घोषणांचा पाऊस'. अर्थसंकल्पाच्या बातमीत पाऊस दर वर्षी पडतोच, जूनमध्ये तर विचारायलाच नको. पाच मिनिटांत पान गेलं. कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं त्यात काही होतं असं मलाही वाटलं नव्हतं.

अनुनय म्हणजे मनधरणी. संस्कृत काव्यात रुसलेल्या नायिकेचा नायक अनुनय करतो. गोड बोलतो, पाया पडतो, काही तरी कबूल करतो. मराठी राजकारणात हा शब्द आला तो 'अल्पसंख्याकांचा अनुनय' या जोडीनं, आणि तेव्हाच त्याला वास लागला. म्हणजे 'लोकानुनय' म्हटलं की लोक ही एक रुसूबाई, नेता हा लोचट, आणि देणंघेणं चोरटं, असा निकाल शब्दातच लागून येतो. बातमी वाचायची गरज नाही.

आणि हा एकटा नाही, सगळा गोतावळाच आहे. 'सवंग' घ्या. माझी आजी 'यंदा कांदा सवंग आहे' असं म्हणायची ते आनंदानं. सवंग म्हणजे स्वस्त, महागाईच्या उलट ती सवंगाई. आता 'सवंग लोकप्रियता' सोडून तो शब्द कुठे भेटतच नाही. स्वस्त मिळणं ही गरिबाच्या घरची चांगली बातमी होती, ती आम्ही लिहिणाऱ्यांनी शिवी करून टाकली. 'खिरापत'चंही तेच. भोंडल्यात डबा हलवून ती ओळखायला लावायचे, आणि ओळखली नाही तरी सगळ्यांना मिळायची. 'खैरात' म्हणजे दानधर्म, तोही गेला. 'रेवडी' ताजी आहे, जुलै 2022 मध्ये बुंदेलखंड द्रुतगती मार्गाच्या उद्घाटनात पंतप्रधानांनी 'रेवडी संस्कृती' म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती आमच्या हेडिंगांतही आली. गरिबाला काही मिळालं की आम्हाला गोड खाऊच आठवतो, आणि तोंड मात्र कडू होतं.

मूळ शब्दाचं गाव शोधायला गेले ते उशिरा, आणि गेले तेव्हा वाटेत आपलीच माणसं भेटली.

1861 ते 65 अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथला कापूस अडला म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैसा वाहिला. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळला. तेजीच्या दिवसांत सावकारानं हात सैल सोडून दिलेलं कर्ज आमच्या दख्खनच्या शेतकऱ्याच्या मानेवर राहिलं. सारावाढ झाली ती वेगळी. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं गाठली, कर्जरोखे आणि वह्या काढल्या आणि जाळल्या. शाळेत आपण 'दख्खनचे दंगे' म्हणून हे पाच गुणांना शिकतो. त्याच पडलेल्या कापसाखाली अमेरिकेच्या दक्षिणेतला शेतकरीही दबला होता. सरकी मातीत पडायच्या आधीच पीक दुकानदाराकडे गहाण. बियाणं, मीठ, कापड सगळं त्याच्याच वहीवर, त्याच्याच भावानं. पश्चिमेला कॅन्ससमध्ये गहू पिकवणाऱ्याला रेल्वेचं भाडं आणि बँकेचं व्याज खात होतं.

हे लोक आधी एकमेकांचा माल एकत्र विकायला जमले, मग पक्ष काढला, पीपल्स पार्टी. 'पॉप्युलिस्ट' हा शब्द त्यांचा, 1890 च्या दशकातला, त्यांनी मिरवलेला. 4 जुलै 1892 ला ओमाहा शहरात त्यांनी जाहीरनामा केला. मिळकतीप्रमाणे चढता आयकर, रेल्वे सरकारच्या ताब्यात, शेतमाल गोदामात ठेवून त्यावर स्वस्त सरकारी कर्ज, चांदीची नाणी मोकळेपणी पाडावीत म्हणजे पैसा सैल होईल. सिनेटर विधिमंडळांनी न निवडता लोकांनी निवडावेत, असा ठरावही केला. त्या वर्षी त्यांच्या उमेदवाराला दहा लाखांवर मतं पडली. (चांदीच्या या गोष्टीत आपला रुपयाही आहे. 26 जून 1893 ला इंग्रज सरकारनं हिंदुस्थानातल्या टांकसाळी खासगी चांदीला बंद केल्या, चांदी जगभर घसरली, आणि त्याच वर्षी अमेरिकी सरकारनंही चांदीची खरेदी थांबवली. इकडच्या टांकसाळीची दारं लागली ती थेट कॅन्ससात ऐकू गेली.)

शहरातल्या वर्तमानपत्रांनी त्यांना दाढीत गवत अडकलेले खेडवळ म्हणून रंगवलं. 1896 मध्ये कॅन्ससमधल्याच एका छोट्या पत्राच्या विलियम ॲलन व्हाइट या तरुण संपादकानं त्यांच्यावर असा खवचट अग्रलेख लिहिला, की तो देशभर पुन्हा पुन्हा छापला गेला आणि माणूस एका रात्रीत मोठा झाला. पुढे तो स्वतःच सुधारणावाद्यांच्या छावणीत गेला. पक्ष त्या निवडणुकीनंतर विरघळला. पण 1913 मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेत दोन दुरुस्त्या झाल्या, एक आयकराची, दुसरी सिनेटरच्या थेट निवडणुकीची. ज्या मागण्यांना वेडाचार म्हटलं होतं त्यांतल्या दोन घटनेत जाऊन बसल्या. आपल्याकडेही टिळकांना हिणवायला 'तेल्यातांबोळ्यांचे पुढारी' म्हटलं गेलं, आणि आज ते वाक्य जयंतीच्या भाषणात गौरव म्हणून येतं. शब्द कुणाच्या तोंडून निघाला हे शंभर वर्षांत पुसलं जातं.

इथवर मला फार बरं वाटत होतं. चुकीचं हेडिंग दिल्याबद्दल पश्चात्ताप करायची गोड तयारी झाली होती. मग टॉम वॉटसन भेटला.

जॉर्जियाचा वकील, 1890 मध्ये अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलेला, पुढे याच पॉप्युलिस्टांचा पुढारी. खेड्यातल्या माणसाला टपाल घरपोच आणि फुकट मिळावं, ही तरतूद त्यानं पहिल्यांदा करवून घेतली; तोवर शेतकऱ्याला कित्येक मैल चालून टपाल आणायला जावं लागे. दक्षिणेत गोऱ्या माणसानं जे बोलायचं नसे ते तो 1892 मध्ये बोलला. गोऱ्या आणि काळ्या कुळांना त्यानं सांगितलं, की तुम्हाला वेगळं ठेवलंय ते वेगवेगळं लुटता यावं म्हणून. पुढे निवडणुका हरला, पक्ष संपला, आणि हाच माणूस वळला. काळ्यांचा मताधिकार काढून घ्यावा म्हणू लागला. मग कॅथलिकांवर घसरला, मग ज्यूंवर. खुनाच्या आरोपात शिक्षा झालेल्या लिओ फ्रँक नावाच्या ज्यू कारखाना-व्यवस्थापकाविरुद्ध त्यानं आपल्या पत्रातून आग ओकली. 1915 मध्ये जमावानं फ्रँकला तुरुंगातून काढून फासावर लटकवलं. 1920 मध्ये वॉटसन सिनेटर झाला. लोकांनीच थेट निवडून दिलेला.

वॉटसन दोन्ही वेळा 'लोक' हाच शब्द वापरत होता, नि दोन्ही वेळा गर्दी समोरच होती. पहिल्या वेळी त्याच्या 'लोकां'त माणसं वाढत होती, दुसऱ्या वेळी कमी होत होती. एवढाच फरक, आणि तो सगळा फरक आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतल्या काही इतिहासकारांनी त्या जुन्या चळवळीकडे या दुसऱ्या वॉटसनच्या चष्म्यातून पाहिलं आणि 'पॉप्युलिस्ट' म्हणजे भाबडं, भडक, कटकारस्थानं हुंगणारं राजकारण असा अर्थ रुजला. तिथल्या शब्दाला निदान दोन बाजू राहिल्या, अजून त्यावर भांडण आहे. आपण मराठीत आणताना तिसरंच काही आणलं: फुकट वाटप.

याची चूक मला आपल्याच माणसामुळे कळली. शरद जोशी. भारतीय टपाल खात्यातून स्वित्झर्लंडला, बर्नमधल्या जागतिक टपाल संघटनेत गेलेला अधिकारी नोकरी सोडून परत येतो, चाकणजवळ कोरडवाहू जमीन घेऊन शेती करतो, आणि कांद्याच्या भावावरून रस्ता अडवतो. (वॉटसनही टपालाचाच. टपाल आणि शेतकरी आंदोलन यांचं काय नातं आहे कोण जाणे.) 1980 च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या मागे लाख-लाख माणूस उभा राहिला. जोशींनी देशाच्या सरळ दोन फाळ्या केल्या, 'इंडिया' आणि 'भारत', एक लुटणारा, दुसरा लुटला जाणारा. पॉप्युलिझमची पुस्तकी व्याख्या कुठलीही काढा, एका बाजूला साधे लोक आणि दुसऱ्या बाजूला त्यांना लुबाडणारे वरचे, याहून चोख उदाहरण महाराष्ट्रात सापडणार नाही. आणि त्यांची घोषणा काय होती? 'भीक नको, हवे घामाचे दाम'.

म्हणजे महाराष्ट्रातला सगळ्यात अस्सल पॉप्युलिस्ट नेता लोकांना सांगत होता की फुकट काही घेऊ नका, सरकारला फक्त मधून बाजूला व्हायला सांगा. त्याला लोकानुनयी म्हणून पाहा बरं. जीभच वळत नाही. आमच्या वहीतला शब्द आमच्याच घरच्या माणसाला बसत नाही, हेडिंगात कितीही बसो.

संघटनेची माणसं एका शब्दावरून आमच्याशी भांडायची. माफी गुन्हेगाराला असते, आम्ही काय गुन्हा केला, आमची मागणी कर्जमुक्तीची आहे. डेस्कवर आम्ही कॉपीतलं 'कर्जमुक्ती' खोडून इमानेइतबारे 'कर्जमाफी' करत आलो, कारण वाचकाला तेच कळतं म्हणे. मोठ्या कंपनीच्या थकलेल्या कर्जावर बँकांनी पाणी सोडलं तर त्याला मात्र 'हेअरकट' म्हणतात, आणि तो शब्द आम्ही तसाच छापतो. एकाला माफी, दुसऱ्याची हजामत. ती होते बँकेची, हे लक्षात यायलाही मला वेळ लागला.

20 सप्टेंबर 2019 चं पानही मला आठवतं. अर्थमंत्र्यांनी गोव्यात पत्रकार परिषद घेऊन कंपनी कराचा मूळ दर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला. सरकारनं स्वतःच सांगितलं होतं, वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल. लाडक्या बहिणीचा वर्षाचा अंदाज 46 हजार कोटींचा होता. त्या दिवशी हेडिंगात 'दिलासा' होता, 'चालना' होती, शेअर बाजाराची उसळी होती. ते करायला हवं होतं की नव्हतं, हा अर्थतज्ज्ञांचा वाद, मी त्यात पडत नाही. मी फक्त माझ्याच हातचे दोन शब्द शेजारी ठेवून पाहते आहे.

आमच्या ऑफिसातल्या पगारपत्रकावर दर महिन्याला 'पी.टी.' म्हणून 200 रुपये कापलेले असतात, फेब्रुवारीत 300. व्यवसाय कर. परवा डेस्कवर विचारलं, हा कशासाठी असतो? सहापैकी एकालाही सांगता आलं नाही. हा कर 1975 मध्ये लागला तो रोजगार हमीसाठी. वि. स. पागे यांच्या डोक्यातली योजना, 1972 च्या दुष्काळात राज्यभर उभी राहिलेली. शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी दर महिन्याला थोडं द्यायचं. दगड फोडायला पैसे देता, असं तेव्हाही म्हणत होते. 2005 मध्ये तीच कल्पना देशाचा कायदा झाली. चालू महिन्यातलं पत्रक मी घडी करून पर्समध्ये ठेवलंय, का ते माहीत नाही.

आणि मावशी.

आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या परतूरकडच्या. नवरा गेल्यावर दोन मुलांना घेऊन पुण्यात आल्या. ऑगस्ट 2024 मध्ये, राखीपौर्णिमेच्या आधी, त्यांच्या खात्यात दोन महिन्यांचे मिळून 3000 आले. मला मोबाइलवरचा मेसेज तीनदा वाचायला लावला. खातं त्यांच्या एकटीच्या नावाचं होतं, पैसे आले हे मोठ्या दिराला कळायच्या आत त्यांनी मुलीच्या टायपिंगच्या क्लासची फी भरली. एवढंच. नोव्हेंबरात निकाल लागला, महायुतीला 288 पैकी 230 जागा, आणि आम्ही सगळ्यांनी एकसुरात लिहिलं: बहिणींनी परतफेड केली. दोन्ही आघाड्यांनी बोली लावली होती, एकीनं 2100, दुसरीनं 3000. तरी 'परतफेड' हाच शब्द आला.

मी मावशींना सहज विचारलं, तुम्ही कुणाला दिलं?

'मी कुठं दिलं ताई. माझं नाव गावाकडच्या यादीत. जायला-यायला दोन दिवस लागतात. बुधवारी तुमच्याकडे पाहुणे नव्हते का?'

होते. 20 नोव्हेंबर, बुधवार, मतदानाची सुट्टी. माझ्या नणंदेकडचे सहा जण जेवायला होते. पुरणपोळ्या छान झाल्या होत्या.

पुढच्या वर्षी ई-केवायसी आलं. रात्री नऊला मावशी आमच्या सोफ्याच्या कडेवर बसलेल्या, मी त्यांचा आधार क्रमांक टाकतेय, गोल फिरतंय, पान मिटतंय. दहाव्या खेपेला पुढचा रकाना उघडला: पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक. त्या क्रमांकाशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी जाणार. 'दोघंबी गेले की,' मावशी म्हणाल्या. मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय नंतर झाली, पण त्या रात्री त्या पानावर तरी मेलेल्या माणसाकडून ओटीपी मागत होते. याला कुणी अनुनय म्हणेल? मनधरणी अशी करतात का?

योजना निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. निवडणुकीच्या तोंडावर घाईनं वाटायचं, नंतर चाळण लावायची, तिजोरीचं गणित पुढच्यावर ढकलायचं, हे सगळं खरं आहे आणि त्यावर कडक लिहायलाच हवं. पण त्याला त्याच्या नावानं हाक मारावी. घाई म्हणावं, उधळपट्टी म्हणावं, आचारसंहितेच्या आधीची चलाखी म्हणावं. मराठीत शब्दांचा दुष्काळ नाही.

दुष्काळ आहे तो दुसरीकडे. आमच्या डेस्कवर रोज एक वाक्य येतं. पक्ष कुठलाही असो, वाक्य तेच: 'हा साहेबांचा नाही, महाराष्ट्राचा अपमान आहे.' विरोधात बोलणारा महाराष्ट्रद्रोही, देशद्रोही. निवडून आलो तर जनतेचा कौल, पडलो तर जनतेची फसवणूक. जनता आमच्याखेरीज दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही. सत्तरच्या दशकात काँग्रेस अध्यक्ष देवकांत बारुआ 'इंदिरा म्हणजेच इंडिया' म्हणाले होते. 2002 मध्ये हंगेरीत निवडणूक हरल्यावर व्हिक्टर ऑर्बान म्हणाले, मायभूमी विरोधी पक्षात बसू शकत नाही. 2010 मध्ये दोन तृतीयांश बहुमत घेऊन परतले आणि लगेच नवी राज्यघटना केली, आपल्याच पक्षाच्या मतांवर. टॉम वॉटसनचा दुसरा अवतार हाच. फुकट वाटण्याशी याचा काही संबंध नाही. पैसे न वाटताही हे करता येतं.

अशा वाक्याला आम्ही कधी लोकानुनय म्हटलेलं नाही. त्याला आम्ही 'आक्रमक भूमिका' म्हणतो. 'टोला' म्हणतो, 'सुनावले' म्हणतो. एकेरी अवतरण टाकून जसंच्या तसं छापतो, कारण ते हेडिंगात बसतं. ज्या गोष्टीसाठी जगभर 'पॉप्युलिझम' हा शब्द धास्तीनं उच्चारतात, ती आमच्या टेबलावरून रोज जाते, आणि आमच्याकडचा शब्द आम्ही मावशींच्या 1500 रुपयांवर आधीच खर्च करून बसलोय.

मागच्या आठवड्यात डाक आवृत्ती गेल्यावर वही काढली. 'लोकानुनय'वर रेघ मारायचा धीर झाला नाही, अक्षर शेवटी त्यांचं. खाली पेन्सिलीनं लिहिलं, 'लोकमक्ता?' गावजत्रेत दुकानांच्या जागांचा मक्ता घेतात तसा अख्ख्या लोकांचाच मक्ता आपण घेतलाय असं समजणारे, म्हणून. बरा आहे की नाही, ठरवता येईना. प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं.

परवा वही उघडली तर खाली कुणी तरी निळ्या बॉलपेननं लिहून ठेवलंय: बसतो. कळणार कुणाला?